मधलं सूप

विडी कॉलनी, कुंभारहट्टी
४ नोव्हेंबर

चि. सुविधा हिला तानीबाईचा जयभीम.

गावातल्या गावात पोस्टानं पत्र टाकतेय म्हणून पोस्टातला माणूस हसला. म्हणाला, "आज्जी, पोरीचा त्यो नव्या प्लॉटांचा लेआउट हितनं दीड किलोमीटर. चालत गेलासा तर तिकीट वाचंल." मी म्हटलं, "चालत गेल्यावर दार उघडंल का, ते पण सांग." बिचाऱ्यानं तिकीट चिकटवून दिलं.

तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी मला बोलता यायचं नाही, रडूच येतं. लिहिताना तसं होत नाही. हात चालू असला की माझे डोळे कोरडे राहतात, हे तू लहानपणापासून बघितलंयस.

तुझं पत्रक पोचलं. तुझ्या प्रचाराचा तो युवराज, जाड मिशांचा गडी, दाराच्या फटीतनं सारून गेला. आत कोण राहतं हे त्याला ठाऊक नसणार. तीन वर्षांत तुझ्याकडनं आलेला हा पहिला कागद. मी चष्मा पुसला, हात पुसले आणि उंबऱ्यावर बसून पहिल्या ओळीपासून खालच्या छापखान्याच्या नावापर्यंत सगळा वाचला. फोटो चांगला आलाय. कपाळावरची आठी माझी आहे. फोटोवाल्यानं ती पुसली नाही, बरं वाटलं.

तू बेळगाव सोडून गावच्या लेआउटात राहायला आलीस, आपला नऊ नंबर वॉर्ड एस्सी महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षानं तुला तिकीट दिलं, हे मला जयाबाईकडनं कळलं. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पुढं पत्रक वाचायला घेतलं. त्यातल्या दोन गोष्टी घशाखाली उतरेनात.

वर लिहिलंय, "कोणाच्याही आधाराशिवाय, केवळ स्वतःच्या हिमतीवर वकील झालेल्या." कोणाच्याही आधाराशिवाय. माझंच वाचन चुकतंय का म्हणून ती ओळ मी तीनदा वाचली. चुकत नव्हतं.

दुसरा तो सातवा मुद्दा. "वाचनालयाची मोडकळीस आलेली जुनी वास्तू हटवून त्या जागी सुसज्ज व्यापारी संकुल व वरच्या मजल्यावर डिजिटल ग्रंथालय."

आता मी पुढं जे लिहिते ते तुझ्यासाठी नाही, तुला सगळं माहीत आहे. तुला हे पत्रक ज्यानं लिहून दिलं त्याच्यासाठी लिहिते. त्याला वाचून दाखव.

बाबा रे, ती वास्तू म्हणजे तंबाखूची वखार होती. मालकानं सोडून दिल्यावर आम्ही अकरा जणी तिथं विड्या वळायला बसायचो, कारण आमच्या घरात एवढा उजेड नव्हता. मांडीवर सूप, सुपात पानं, जर्दा, दोरा, कात्री. आमच्यात लिहायला-वाचायला एकीलाही येत नव्हतं. पण माझी पोरगी चौथीत होती आणि तिला येत होतं. शाळा सुटली की तिनं पण माझ्याबरोबर बसून विड्या वळायच्या, तेव्हा कुठं आमच्या घरची हजारी, म्हणजे दिवसाच्या हजार विड्या, पुरी व्हायची. एक दिवस जयाबाई म्हणाली, "तानाक्का, पोरीला वळू दे नगंस. तिला वाचू दे. तिच्या वाट्याचं आमी वळतो." मग आम्ही गोल बसायचो आणि मध्ये एक रिकामं सूप ठेवायचो. पोरगी वाचायची. वाचता वाचता ज्या बाईचं मन भरंल ती आपल्या सुपातल्या चार विड्या उचलून मधल्या सुपात टाकायची. कुणी कुणाला सांगायचं नाही, कुणी मोजायचं नाही. वाचन संपेपर्यंत मधलं सूप भरलेलं असायचं. त्या सुपावर पोरीची शाळा झाली, निपाणीचं हॉस्टेल झालं.

पुस्तकं लोकांनी दिली, पट्टण पंचायतीनं पाटी लावली, सरकारनं नागेंद्र सरांना अर्ध्या दिवसाचे ग्रंथपाल म्हणून बसवलं, आणि त्या वखारीचं सार्वजनिक वाचनालय झालं. हा "कोणाच्याही" चा हिशोब.

तीन वर्षांमागं तुझ्या बेळगावच्या नव्या घराच्या घरभरणीला मी जेवायच्या आधीच निघून आले त्याचा तू राग धरला असशील. माझं डोकं दुखत होतं. उन्हाचं.

सातवा मुद्दा काढ. पहिल्या ओळीचं मागनं बघू.

तुझी आई,
तानी


१२ नोव्हेंबर

सुविधा,

उत्तर येईल म्हणून मी सहा दिवस पोस्टमनच्या सायकलीवर नजर ठेवली. सातव्या दिवशी चौकात तुझी सभा लागली, तेव्हा म्हटलं आपणच जाऊन विचारावं. उमेदवाराला प्रश्न विचारायला काही नातं लागत नाही.

तू बोललीस छान. आवाज तोच, वखारीच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचायचा तो. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि विचारलं, "वरच्या मजल्यावर वाचनालय नेणार, तर आमच्यासारख्यांनी चढायचं कसं? आणि घरपट्टीच्या पावतीवर 'ग्रंथालय कर' म्हणून एक ओळ असते. झोपडीवाला पण तो भरतो. त्या ओळीतनं आमच्या वाचनालयाला नऊ वर्षांत एक मराठी पुस्तक का आलं नाही? कानडी पण का आलं नाही?"

तू माझ्याकडं बघितलंस. माईक जरा लांब धरलास. मग म्हणालीस, "या मावशींच्या भावनांचा मी आदर करते."

मावशी.

त्यानंतर तू काय बोललीस ते मी पूर्ण ऐकलं, कारण ऐकायची मला सवय आहे. जग मोबाईलमध्ये आलंय. वाचनालयात दिवसाला नऊ माणसं येतात. नऊ माणसांसाठी गावाच्या मध्यावरची जागा अडवून ठेवायची का? टाळ्या पडल्या. मी टाळ्या थांबायची वाट बघितली आणि म्हटलं, "नऊच येणार की. दिवसाला दोनच तास उघडतंय ते. सरकारी दवाखाना दोन तास उघडा ठेवा, पेशंट पण नऊच येतील. मग म्हणा, गाव ठणठणीत झालं, दवाखाना पाडा." माणसं हसली. तुझ्या शेजारी बसलेला तो पांढऱ्या सदऱ्यातला कंत्राटदार सोडून सगळी हसली. तुझ्या ओठाचा कोपरा पण हलला, मी बघितलं.

घरी आले. भाकरी गोड लागंना. मला राग मावशी म्हटल्याचा आला असं जयाबाईला वाटलं. मी तिला तसंच वाटू दिलं.

काल मी अर्ज भरला. अपक्ष, वॉर्ड नंबर नऊ.

जयाबाई सूचक म्हणून सही करायला आली, पण दारापर्यंत येऊन अडली. "अगं तानाक्का, पोटच्या पोरीच्या विरोधात? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणू दे. मी पोरीच्या विरोधात न्हाय उभी, सातव्या मुद्द्याच्या विरोधात हाय."

"पण मतपत्रिकेवर सातवा मुद्दा कुठं असतोय? तिथं तिचंच नाव असणार."

"मग तिनं दोघांत अंतर ठिवायचं हुतं."

सही केली तिनं. सही म्हणजे सही, अंगठा नाही. ती पण त्याच वखारीत शिकली.

कचेरीतला कारकून मला म्हणाला, "आज्जी, उमेदवार कुठं आहेत? त्यांना स्वतः यावं लागतं." मी म्हटलं, "आल्यात. तुझ्या म्होरं उभ्या हाईत. बसायला खुर्ची दे." शिक्षणाच्या रकान्यात काय भरायचं त्यानं विचारलं. मी लिहिलं, "स्वतः". तो म्हणाला, असं चालत नाही. मी म्हटलं, माझं तर सत्तर वर्षं असंच चाललंय.

तुला आधी सांगून मग अर्ज भरावा असं एक मन म्हणत होतं. सांगितलं असतं तर तू येऊन पाया पडली असतीस आणि मी विरघळले असते. म्हणून नाही सांगितलं.

तानीबाई


२४ नोव्हेंबर

सुविधा,

माघारीच्या शेवटच्या दिवशी तू युवराजला पाठवलंस. गडी चांगला आहे, चहा प्यायला. हळूच म्हणाला, "आज्जी, ताईंनी निरोप दिलाय, भावनेवर गाव चालत न्हाय."

मी म्हटलं, "तिला सांग, भावनेवरच चाललं हुतं, म्हणून ती आज माईक धरतीया."

"मग माघार?"

"तुझ्या ताईनं सातवा मुद्दा मागं घेतला तर मी पण मागं घेते. आत्ता घेते, चहाचा कप खाली ठेवायच्या आत."

त्यानं बाहेर जाऊन फोन लावला. बराच वेळ बोलला. परत आला आणि नुसताच कप उचलून चहा संपवला. समजले.

मला चिन्ह कात्री मिळालं. मीच मागितलं होतं. पानं कापायची माझी कात्री, तीस वर्षं अंगठ्याला घट्टा पडलाय तिचा. आता गावात चेष्टा चाललीय, मायलेकीचं नातं कापायला कात्री घेतली म्हणून. मी म्हणते, कात्रीला दोन पाती असतात आणि मध्ये एक खिळा असतो. खिळा निघाला तर दोन्ही पाती कामाची नाहीत.

माझा प्रचार असा. चार वाजता एका बोळात जायचं, कट्ट्यावर बसायचं आणि मोठ्यानं पेपर वाचायचा. मराठी पेपर मी वाचते, कानडी नागेंद्र सर वाचतात. सरांना सरकारी मानधन आहे, त्यांना प्रचार करता येत नाही, म्हणून ते फक्त पेपर वाचतात आणि माझं नाव घेत नाहीत. बायका गोळा होतात. मग मी त्यांच्याकडची घरपट्टीची पावती मागते आणि ती ओळ बोटानं दाखवते. "हे बघ, हे वाचनालय तुझं हाय. तू भरतीयास. तुला आत कोण न्हेत न्हाय, एवढंच." पावतीवर असं काही लिहिलेलं असतं हे कॉलनीतल्या निम्म्या घरांना माहीत नव्हतं. एका म्हातारीनं पावती पदरात बांधून ठेवली.

मला काय पाहिजे ते मी एका कागदावर लिहून वाचनालयाच्या दाराला चिकटवलंय. सकाळी दोन तास नको, संध्याकाळी आठपर्यंत उघडं पाहिजे, कारण उसाच्या टोळीवाल्या आणि विडीवाल्या सकाळी मोकळ्या नसतात. बायकांसाठी बाकडं आणि मोरी पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवणारं माणूस पाहिजे, पगारी. कंप्युटर पण पाहिजे, मी काही कंप्युटरवर रुसलेली नाही, फक्त तो खालच्या मजल्यावर पाहिजे. आणि पुस्तकं दोन्ही भाषांतली.

त्यावरनं भावकू आला होता. ओळखतेस त्याला, प्रत्येक निवडणुकीला ज्याचा गळा बसतो तो. म्हणाला, "आक्का, दोन्ही भाषा कशाला? फक्त मराठी म्हणा. मराठी वाचनालयावर घाला, एवढं एकच वाक्य बोला. सगळी मतं तुमच्या पदरात. पोस्टर मी छापतो."

मला मतं पाहिजे होती गं, खोटं कशाला बोलू. रात्रभर चुळबुळत राहिले असं लिहीन, तर ते पण खोटं. मी तिथल्या तिथंच म्हटलं, "भावकू, मला शेवटचं प्रकरण ज्या माणसानं वाचून दाखवलं तो घरात कानडी बोलतोय. तुझं पोस्टर तूच गुंडाळ."

"कसलं शेवटचं प्रकरण?" भावकूनं विचारलं. त्याला नाही सांगितलं. तुला सांगते. तीस वर्षं सांगितलं नव्हतं.

ती हिरव्या पुठ्ठ्याची कादंबरी आठवते? पहिलं पान नव्हतं, त्यामुळं नाव कुणाला ठाऊक नाही. नदीकाठची चंद्रा, तिचा सासुरवास, तो पूर. तेव्हा पुस्तकं थोडी, म्हणून ती तू आम्हाला पाच वेळा वाचून दाखवलीस. आम्हाला तोंडपाठ झाली होती. शेवटी चंद्रा पुरातनं पोहून येते, पाण्यानं निथळत अंगणात उभी राहते आणि सासूला म्हणते, "भूक लागलीय." काय हसायचो आम्ही त्या जागी! मधलं सूप तिथं भरून वाहायचं.

तू निपाणीच्या हॉस्टेलला गेलीस आणि वखार मुकी झाली. अकरा जणी नुसत्याच दोरा गुंडाळतोय. मला माझं नाव आणि एसटीची पाटी, एवढंच वाचता यायचं. एक दिवस मी ते हिरवं पुस्तक घरी आणलं. ओळीखाली बोट ठेवायचं, तोंडानं पाठ असलेलं म्हणायचं, आणि तोंडातला शब्द कागदावरच्या कुठल्या शब्दावर पडतोय ते बघायचं. चंद्रातला च सापडला. मग चुलीतला च सापडला. असं दोन वर्षं. मी वाचायला लागले, पोरी. अख्खं पुस्तक जुळत गेलं.

शेवटचं प्रकरण जुळंना.

तोंडात एक आणि कागदावर दुसरंच. मी म्हणायची "अंगणात", कागद म्हणायचा भलतंच काहीतरी. मला वाटलं, मी अडाणी ती अडाणीच, इतके दिवस नुसती पाठांतरावर उड्या मारत होते. पुस्तक पेटीत ठेवून दिलं. चार महिने कुठल्या पाटीकडं पण बघितलं नाही. शेवटी लाज गिळून नागेंद्र सरांकडं गेले. ते तेव्हा नवीन, धारवाडकडनं आलेले, मराठी अडखळत वाचायचे. त्यांनी एकेक अक्षर लावत ते प्रकरण वाचलं. चंद्रा बुडते. पुस्तकात ती बुडते गं. तिसऱ्या दिवशी सापडते.

मी सरांसमोर रडले. ते चंद्रासाठी आहे असं त्यांना वाटलं, त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या होत्या. मला चार महिन्यांपूर्वीच वाचता यायला लागलं होतं, ही एक. आणि माझ्या पोरीनं दहाव्या वर्षी अकरा बायकांसाठी एक बाई पुरातनं बाहेर काढली होती.

मग मला आठवलं. शेवटच्या प्रकरणाआधी जयाबाई म्हणाली होती, "ती चंद्रा मेली तर मी उद्यापास्नं हितं येणार न्हाय." तू पान उलटलंस आणि थोडी थांबलीस. मला वाटलं, अवघड अक्षर आलं असेल.

हे मी बाकीच्या जणींना कधी बोलले नाही. तुला पण नाही. घरभरणीला माझं डोकं दुखत नव्हतं. मी तुझ्या पाहुण्यांना मधल्या सुपाची गोष्ट सांगत होते, अगदी ह्याच जागेपर्यंत आले होते, तेवढ्यात तू मला स्वयंपाकघरात ओढलंस आणि म्हणालीस, "आई, दर ठिकाणी ते सूप घेऊन यायलाच पाहिजे का?" मी संकेश्वरची एसटी पकडली.

मतदान तीन दिवसांवर आलंय. तुला तुझी गोष्ट माझ्याशिवाय सांगायची असेल तर सांग. पण वखार पाडून सांगू नकोस.

आई


१ डिसेंबर

सुविधा,

निवडून आलीस. अठ्ठेचाळीस मतांनी. मला दोनशे सहा. युवराज म्हणाला, आज्जी, तुम्ही दमवलंसा. मी म्हटलं, दम मला पण लागलाय, पाणी दे.

मतमोजणीच्या ठिकाणी तुझ्या गळ्यात हार घालत होते, तेव्हा मी भिंतीला टेकून उभी होते. तू हार घालूनच गर्दीतनं माझ्याकडं आलीस. तीन वर्षांनी बोललीस. "आई, जेवलीस का?"

आणि मी काय म्हटलं, "वाचनालय राखणार असशील तर जेवते."

तुझं तोंड बारीक झालं. लोकांनी तुला ओढून नेलं. मग मी घरी येऊन जेवले, दोन भाकरी, मोठ्या. तू काळजी करत असशील म्हणून कळवते. शब्द तेवढा मागं घेत नाही.

मी हरले हे खरं आहे. पण दोनशे सहा जणांनी एका कात्रीवर बोट ठेवलं, आणि त्या कात्रीमागं फक्त एक वाचनालय होतं, दारू नव्हती, जेवण नव्हतं, जात नव्हती, भाषा नव्हती. ते दोनशे सहा आता तुझेच मतदार आहेत, मेंबरबाई. त्यांना घेऊन मी पंचायतीच्या प्रत्येक मीटिंगला मागच्या बाकड्यावर बसणार. हळू बोलता मला येत नाही हे तुला माहीत आहे.

दुसरं. येत्या रविवारी चार वाजता वाचनालयात मधलं सूप मांडतोय. अकरापैकी सात जणी राहिल्यात. तिघींच्या बोटांना आता विडी वळवत नाही, त्या शेंगा फोडणार म्हणाल्या. हिरवं पुस्तक काढलंय. रोज एक प्रकरण मी वाचत आले, शेवटचं राहिलंय. ते मी वाचणार नाही. माझा आवाज म्हातारा झालाय आणि ते प्रकरण माझं नव्हेच.

वाचणारीची जागा रिकामी ठेवतोय. छापलंय तसं वाच, नाहीतर तुझं वाच. आम्ही ऐकू.

आई


१९ जानेवारी

चि. सुविधा हिला आईचा जयभीम.

कालची मीटिंग मी मागच्या बाकड्यावरनं बघितली, तरी लिहिते, कारण तू माझ्याकडं न बघता गाडीत बसलीस. डोळे पुसायचे होते तुला. हे कुणाकडनं घेतलंस ते सांगायला नको.

आधी त्या रविवारचं. मी त्यावर अजून एक अक्षर लिहिलं नव्हतं. तू आलीस तेव्हा सव्वाचार झाले होते. चपला न काढता पायरीवर उभी राहिलीस. जयाबाई आतनं ओरडली, "मेंबरबाई, चपला भाईर! हितं अजून लेआउट झाल्याला न्हाय." तू आलीस, बसलीस, पुस्तक घेतलंस. पान उलटलंस आणि थांबलीस. त्या वेळेसारखीच.

आणि छापलंय तसं वाचलंस. चंद्रा बुडाली. तिसऱ्या दिवशी सापडली.

कुणाचा हात हलंना. जयाबाई उसळली. "अगं पण ती तर परत आलती की! अंगणात उभी हाय, सासूला भूक लागली म्हणती! मी माझ्या सुनंला सांगितलंय, नातींना सांगितलंय!"

तू खाली बघून म्हणालीस, "मावशी, ते मी तेव्हा खोटं वाचलं होतं. तुम्ही उद्यापास्नं येणार नाही म्हणालात म्हणून."

जयाबाईनं तुझ्याकडं बघितलं. मग शेंगांचा चुरा पदरातनं झटकला आणि म्हणाली, "खोटं का असंना. तेच वाच. मला ह्ये नगं."

त्या दिवशी मावशी हा शब्द जागेवर पडला बघ. तू हसलीस, रडलीस, परत पहिल्यापासनं वाचलंस, आणि चंद्रा निथळत अंगणात आली. आणि मधल्या सुपात पहिली मूठ पडली ती शेंगदाण्यांची. तू खाल्लेस. मी काही बोलले नाही. मला माझी तोंडाळ जीभ माहीत आहे. एक शब्द बोलले असते तर सातवा मुद्दाच बोलले असते.

आता काल. वाचनालयाची जागा संकुलाला देण्याचा ठराव आला. पंधरा मेंबर. हात वर करा म्हटल्यावर तुझ्या पक्षाचे सगळे हात वर गेले. मी मोजायला लागले आणि सातावर अडकले. तुझा हात टेबलावर होता. अध्यक्ष म्हणाले, "सुविधाताई?" तू उठून उभी राहिलीस. आवाज मागच्या भिंतीपर्यंत आला. "माझा विरोध नोंदवा. मी त्या इमारतीत शिकले. अकरा बायकांनी मला शिकवलं. त्यातली एक मागं बसली आहे, ती माझी आई आहे. माझ्या पत्रकातली पहिली ओळ चुकीची होती, तेही नोंदवा."

ठराव सात विरुद्ध आठ पडला. कारकुनानं तुझं बोलणं कानडीत लिहून घेतलं. नागेंद्र सरांनी मला नंतर त्यातला शब्द न् शब्द मराठीत करून सांगितला, म्हणजे कुणी काही गाळलं नाही ना ते कळावं. गाळलेलं नाही.

कडोलीच्या साहित्य संमेलनात दर जानेवारीत मी मागच्या रांगेत बसून मोठमोठ्या माणसांची भाषणं ऐकते. यंदाही ऐकली. पण सुविधा, हे भाषण त्यात नव्हतं.

युवराज सकाळी आला होता. पक्षाची नोटीस निघतीय म्हणाला, तुला काढून टाकतील, कंत्राटदार चिडलाय, पुढच्या खेपेला तिकीट नाही. त्याला वाटलं मी घाबरीन. मी त्याला चहा दिला आणि सूप पुसायला घेतलं.

तू घाबरू नकोस. तू त्यांच्यात बसून वाचायचं काम कर, मोठ्यानं, जे लिहिलंय ते आणि जे लिहायला पाहिजे ते. नोटीस येऊ दे, दारावर माणसं येऊ देत, पत्रकं निघू देत. त्या सगळ्याला पुरून उरायला आम्ही सात जणी आहोत आणि दोनशे सहा आहेत. तू वाच. तुझ्या वाट्याचं आम्ही वळतो.

रविवारी जेवायला ये. दार दोन्हीकडचं उघडं आहे, मला आता चालत यायला पण हरकत नाही.

तुझी आई,
तानी

ता. क. छपराच्या दुरुस्तीचा आणि संध्याकाळी आठपर्यंत उघडं ठेवायचा, असे दोन अर्ज सोबत जोडलेत. छपराच्या ज्या पन्हळी पत्र्यातनं उजेड येतो तिथनंच पाणी पण येतं, म्हणून पावसाळ्याच्या आत पाहिजे. लेक म्हणून सवलत मिळणार नाही. कात्री मी धार लावून खुंटीला अडकवली आहे.